लॅबव्ह्यूमधून एक्सेल रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्ट बेंचवरचं मोजमाप ठीक चाललेलं असतं, सेन्सर बरोबर, कार्ड बरोबर, आणि गाडी अडते ती शेवटच्या पायरीवर: एक्सेलचा रिपोर्ट. लॅबव्ह्यूमध्ये (चिन्हं वायरींनी जोडून प्रोग्राम लिहायचं, मोजमापासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) नव्याने काम करणारी मुलंमुली मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं विंडोजवरचं लॅबव्ह्यू, मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठीचं रिपोर्ट जनरेशन टूलकिट आणि डेस्कटॉप एक्सेल धरून आहेत.

लॅबव्ह्यू ही फाईल बनवतं तरी कसं? मशीनवर एक्सेल असावंच लागतं का?

हो, असावंच लागतं. पुढचे निम्मे प्रश्न याच उत्तरातून निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टूलकिट स्वतः एक्सेलची फाईल लिहीत नाही. ते अॅक्टिव्हएक्सच्या मार्गाने (एका प्रोग्रामने दुसऱ्याला चालवायची विंडोजमधली सोय) खऱ्या एक्सेलला हाक मारतं: ऊठ, नवीन वर्कबुक उघड, या सेलमध्ये हे टाक, या नावाने सेव्ह कर, आता बंद हो. ‘न्यू रिपोर्ट’ची व्हीआय (लॅबव्ह्यूतल्या प्रोग्रामला व्हीआय म्हणतात) चालली की मागे एक स्वतंत्र एक्सेल प्रोसेस जन्माला येते. तिची खिडकी दिसो वा न दिसो, ती एक्सेलच असते, तिच्या सगळ्या सवयी आणि रुसव्याफुगव्यांसकट. आपण त्या घरात पाहुणे असतो. एक्सेल कुणाच्या उत्तराची वाट बघत थांबलं असेल, तर लॅबव्ह्यूही दारात ताटकळतं.

त्यामुळे लिबरऑफिस किंवा ब्राउझरमधलं एक्सेल इथे उपयोगाचं नाही. मॅक, लिनक्स आणि कॉम्पॅक्टरिओसारखी रिअल-टाइम टार्गेट्सही (विंडोज नसलेले कंट्रोलर) बाद, कारण अॅक्टिव्हएक्स फक्त विंडोजवर आहे. (गंमत म्हणजे १९८६ साली लॅबव्ह्यू पहिल्यांदा आलं ते मॅकिंटॉशवरच.) एक्सेल नसलेल्या मशीनवर −२१४७२२१००५ किंवा −२१४७२२११६४ हे कोड दिसतात. पहिल्याचा अर्थ क्लासचं नाव ओळखता आलं नाही, दुसऱ्याचा अर्थ क्लास नोंदलेला नाही. दोन्ही वेळा आधी ऑफिस बसवलंय का ते पाहा. बसवलेलं असूनही कोड येत असेल, तर कंट्रोल पॅनलमधून ऑफिस रिपेअर करा.

एरर −२१४६८२७२८४ म्हणजे काय? मेसेजमधून काहीच कळत नाही.

कळणार नाहीच. एक्सेल त्यातून एवढंच सांगतं की ‘मला हे जमलं नाही’. या आकड्याचे खालचे १६ बिट वेगळे काढले तर १००४ येतात. व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतल्या प्रोग्रामिंग भाषेत, मॅक्रो लिहिणाऱ्यांच्या डोक्याला ताप देणारा १००४ तो हाच.

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. शीटचं नाव चुकीचं असतं: ते ३१ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, आणि त्यात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका किंवा चौकोनी कंस चालत नाहीत. पार्ट नंबरवरून शीटला नाव देणाऱ्यांची पंचाईत इथेच होते, कारण आपल्याकडच्या निम्म्या पार्ट नंबरांत तिरकी रेघ असते. एकाच नावाच्या दोन शीट झाल्या तरी हाच कोड. प्रोटेक्ट केलेल्या शीटवर लिहायला गेलात तरी हाच. जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पलीकडे गेलात तरी हाच. नव्या एक्सएलएसएक्स फाईलमध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे.

यावरून मी एक उपाय करतो. जे लॅबव्ह्यूतून जमत नाही तेच एक्सेल उघडून हाताने करून बघतो. हाताने केल्यावर एक्सेल खरं कारण माणसाच्या भाषेत सांगतं.

टास्क मॅनेजरमध्ये डझनभर एक्सेल दिसतात. मी तर एकही उघडलेलं नाही.

चाकणच्या एका कारखान्यातली गोष्ट. एंड-ऑफ-लाइन टेस्टिंगचा बेंच होता. पहिल्या शिफ्टला झक्कास चालायचा, दुसरीला जड व्हायचा आणि रात्री कधीतरी अडकायचा. सुपरवायझरचा उपाय ठरलेला: मशीन रिस्टार्ट. दोन आठवडे सगळ्यांनी डेटा अॅक्विझिशन कार्डाला शिव्या घातल्या. एका रात्री मी टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’ टॅबवर गेलो, तर एक्सेलच्या एकेचाळीस ओळी. खिडकी एकाचीही नाही. रॅम सगळी त्यांनीच खाल्लेली.

चूक माझीच होती. रिपोर्टमध्ये काही बिघडलं की पुढचं सगळं टाळून जावं म्हणून मी केस स्ट्रक्चर (अटीप्रमाणे वाट निवडणारी चौकट) घातलं होतं, आणि एक्सेल बंद करणारं ‘डिस्पोज रिपोर्ट’ त्या केसच्या आत ठेवलं होतं. एरर आली की डिस्पोज वगळलं जायचं आणि एक्सेल तसंच मागे राहायचं. नापास झालेल्या काही पार्ट्सचा सिरीयल नंबर रिकामा यायचा, रिकाम्या नावाची शीट एक्सेल नाकारायचं, आणि अशा दर पार्टमागे एक भूत मागे उरायचं.

‘डिस्पोज रिपोर्ट’ एरर आली असली तरी आपलं काम करतं, ते तसंच बनवलेलं आहे. म्हणून ते कुठल्याही केसच्या बाहेर, वायरच्या अगदी टोकाला ठेवा. मधल्या कुठल्याही वाटेने गेलात तरी रिपोर्टची वायर त्याच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. ती फॉर लूपमधून जात असेल तर शिफ्ट रजिस्टर (एका फेरीतलं मूल्य पुढच्या फेरीत नेणारी जोडी) वापरा. साध्या टनेलने नेली आणि लूप शून्य वेळा फिरला, तर पलीकडे रिकामा ऑब्जेक्ट निघतो. मग डिस्पोजला बंद करायला काहीच मिळत नाही.

भुतांची आणखी दोन उगमस्थानं आहेत. एक म्हणजे टूलबारवरचं लाल अबॉर्ट बटण. ते दाबलं की ब्लॉक डायग्राम आहे तिथे तुटतो आणि डिस्पोजपर्यंत पोचत नाही. डेव्हलपमेंट करताना आपण ते दिवसभर दाबत असतो, त्यामुळे संध्याकाळी टास्क मॅनेजर बघायची सवय लावून घ्या. दुसरं म्हणजे स्वतः उघडलेले रेफरन्स. ‘एक्सेल गेट अॅक्टिव्हएक्स रेफरन्सेस’मधून वर्कबुक, त्यातून शीट, त्यातून रेंज असे प्रॉपर्टी नोडने काढत गेलात, तर आपण उघडलेला प्रत्येक रेफरन्स ‘क्लोज रेफरन्स’ने आपणच मिटवायचा. एक जरी उघडा राहिला तरी एक्सेल जागचं हलत नाही.

सगळ्या एक्सेल प्रोसेस कमांडने मारून टाकायचा जुगाड अनेक जण करतात. चालतो, पण तो निवडून मारत नाही. क्वालिटीवाल्याने त्याच मशीनवर उघडलेली, सेव्ह न केलेली शीटही त्यात जाते. मग तो तुम्हाला निवडून मारतो.

कुणी एक्सेल हाताळत असेल तर रिपोर्ट अडकतो. असं का?

ऑपरेटरने एखाद्या सेलमध्ये डबल-क्लिक केलं आणि कर्सर लुकलुकत ठेवून तो चहाला गेला, तर ते एक्सेल ‘एडिट मोड’मध्ये असतं. त्या अवस्थेत ते बाहेरचं कुणाचंच ऐकत नाही. कोड येतो −२१४७४१८१११, म्हणजे समोरच्याने हाक नाकारली. एखादा डायलॉग बॉक्स उत्तराची वाट बघत उभा असेल तरी हेच होतं. ‘न्यू रिपोर्ट’ला खिडकी मिनिमाइज्ड ठेवायला सांगा आणि अॅलर्ट दाखवायचं इनपुट बंद ठेवा, म्हणजे ‘आधीची फाईल बदलू का?’ असले प्रश्न पडद्यामागे अडून बसत नाहीत.

रिपोर्ट चालू असताना कुणी ती एक्सेलची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तर −२१४७०२३१७४ येतो: पलीकडे आता कुणी उरलेलं नाही. याला उपाय एकच, खिडकी दिसूच द्यायची नाही. दिसणारी गोष्ट शिफ्टवरचा कुणी ना कुणी बंद करतोच.

माझ्या लॅपटॉपवर चालतं, ईएक्सई (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) करून लाईनवर टाकलं की चालत नाही.

तीन जागा तपासा, याच क्रमाने.

टूलकिट आतून लॅबव्ह्यूचे क्लास वापरतं. एक्सेल, वर्ड की एचटीएमएल, कुठला क्लास लागणार हे ते चालू असताना ठरवतं. त्यामुळे अॅप्लिकेशन बिल्डरला काही वेळा कळतच नाही की या व्हीआयही सोबत घ्यायच्या आहेत. मग ईएक्सईमध्ये एरर ७ येते, म्हणजे फाईल सापडली नाही. व्हीआय-लिबच्या (लॅबव्ह्यूसोबत येणाऱ्या व्हीआयंचं फोल्डर) अॅडऑन्स फोल्डरमध्ये ऑफिस नावाचं फोल्डर आहे, तिथली एक्सेलची लायब्ररी प्रोजेक्टमध्ये आणा आणि बिल्ड स्पेसिफिकेशनमध्ये ‘ऑलवेज इन्क्लुडेड’खाली टाका.

दुसरी जागा टेम्प्लेटचा, म्हणजे आधी सजवून ठेवलेल्या एक्सेल फाईलचा, पाथ. तुम्ही ‘करंट व्हीआयज पाथ’वरून एक पायरी वर जाऊन टेम्प्लेट शोधत असाल, तर ईएक्सईमध्ये ती पायरी बदलते, कारण व्हीआयच्या पाथमध्ये आता ईएक्सईचं नावही येतं. त्याऐवजी ‘अॅप्लिकेशन डिरेक्टरी’ वापरा. डेव्हलपमेंटमध्ये ते प्रोजेक्टचं फोल्डर देतं आणि बिल्डनंतर ईएक्सईचं.

तिसरी जागा ऑफिसची आवृत्ती. टूलकिटच्या व्हीआय एक्सेलच्या टाइप लायब्ररीला (एक्सेल बाहेरून कुठल्या आज्ञा घेतं त्याची यादी) बांधलेल्या असतात. लॅपटॉपवर एक ऑफिस आणि लाईनवर दुसरं असेल, तर एखादा इनव्होक नोड (एक्सेलला आज्ञा देणारा ठोकळा) नेमका तिथे तुटतो. शक्य असेल तर लाईनवर आहे तेच ऑफिस असलेल्या मशीनवर बिल्ड करा. स्वतःच्या मशीनवर ऑफिस बदलल्यावर व्हीआयचे रनचे बाण तुटलेले दिसू लागले, तर ते ऑफिस फोल्डर मास-कंपाइल करा, म्हणजे त्यातल्या सगळ्या व्हीआय एकदम पुन्हा कंपाइल करा.

रिपोर्टला चार मिनिटं लागतात. मशीन नवीन घेऊ का?

नको. बहुधा तुम्ही फॉर लूप फिरवून एकेक सेल लिहीत आहात. २,००० ओळी आणि १२ कॉलम म्हणजे २४,००० सेल, आणि प्रत्येक सेल म्हणजे एका प्रोसेसमधून दुसऱ्या प्रोसेसमध्ये एक हेलपाटा. एका हेलपाट्याला १० मिलिसेकंद धरले तरी चार मिनिटं झालीच. तोच डेटा टू-डी अॅरे करून ‘एक्सेल ईझी टेबल’ किंवा ‘अपेंड टेबल टू रिपोर्ट’ला एकदाच द्या. सगळी पोती एका टेम्पोत जातात. रंग आणि बॉर्डरही प्रत्येक सेलला वेगळ्या लावू नका, टेम्प्लेटमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग करून ठेवा.

बारकोडचे शेवटचे आकडे शून्य होतात आणि पुढची शून्यं गायब होतात.

एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक नेमके जपतं. १८ अंकी बारकोड संख्या म्हणून गेला की शेवटच्या तीन अंकांच्या जागी शून्य येतं. ‘०००१२३’चा १२३ होतो. ‘३-४’ची तारीख होते. आकडे, मध्ये ई हे रोमन अक्षर आणि पुन्हा आकडे असा पार्ट नंबर असेल, तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलतीच मोठी संख्या दाखवतं. यात आपण एकटे नाही. एक्सेल मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून नामकरण समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली.

उपाय: त्या कॉलमला आधी ‘@’ हे फॉरमॅट द्या, म्हणजे तो टेक्स्ट होतो, आणि मग लिहा. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत. मोजमापाचे आकडे मात्र न्यूमरिक अॅरेनेच पाठवा. ते स्ट्रिंग म्हणून गेले तर कधी सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि बेरीज शून्य येते.

रिपोर्टमधली वेळ साडेपाच तास मागे आहे.

लॅबव्ह्यूचा टाइमस्टॅम्प १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतो, तेही यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेप्रमाणे. एक्सेल दिवस मोजतं, तेही १९०० पासून, आणि टाइम झोन त्याला माहीतच नाही. तुम्ही सेकंदांना ८६,४०० ने भागून आकडा पाठवत असाल, तर त्यात १,४६२ दिवस मिळवावे लागतात आणि भागण्याआधी आपल्या वेळेचे १९,८०० सेकंद. पडताळा घ्यायचा असेल तर १ जानेवारी २०२४ च्या मध्यरात्रीचा एक्सेलमधला आकडा ४५,२९२ आहे.

दिवसपाळीत ही चूक खपून जाते. रात्रपाळीत १२ तारखेच्या पहाटे ३ वाजता झालेली टेस्ट ११ तारखेच्या रात्री ९:३० ची दिसते, म्हणजे दुसऱ्याच शिफ्टच्या खात्यावर जाते. मग ऑडिटला दोन शिफ्टचे इनचार्ज आणि तुम्ही.

सगळ्या तारखा चार वर्षं आणि एका दिवसाने सरकलेल्या दिसल्या, तर टेम्प्लेटमध्ये ‘१९०४ डेट सिस्टिम’ची टिक आहे. ती काढा.

मराठी मथळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

लॅबव्ह्यूच्या स्ट्रिंग युनिकोड नाहीत, त्या विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा तक्ता) चालतात. आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोड पेज कधी नव्हतंच. जपानी, रशियन मंडळींचं त्यांच्या मशीनवर निभावतं, आपलं नाही. ‘तपासणी अहवाल’ असं लॅबव्ह्यूतून पाठवलं की एक्सेलपर्यंत प्रश्नचिन्हं पोचतात.

पण एक्सेलला मराठी उत्तम येतं. म्हणून मराठी त्याच्याच घरात ठेवा. मथळे, कॉलमची नावं, खालची ‘तपासणाऱ्याची सही’ हे सगळं टेम्प्लेटमध्ये आधीच टाइप करून ठेवा आणि लॅबव्ह्यूतून फक्त आकडे आणि कोड भरा. ऑपरेटरचं नाव मराठीत हवंय? टेम्प्लेटच्या एका लपवलेल्या शीटवर एम्प्लॉयी कोड आणि नाव यांची यादी ठेवा, लॅबव्ह्यूतून कोड पाठवा आणि व्हीलूकअपने नाव उचला. ‘पास’ आणि ‘नापास’ही असेच: लॅबव्ह्यूतून १ किंवा ०, पुढचं एक्सेलच्या इफ फॉर्म्युल्याने. पुण्याजवळच्या एका लाईनवर आम्ही संपूर्ण मराठी रिपोर्ट असा काढला. बघणाऱ्यांना वाटलं लॅबव्ह्यू मराठीत लिहितं. आम्हीही खुलासा केला नाही.

टेम्प्लेटमध्ये आकडे भरायला सेलचा पत्ता देताना लक्षात ठेवा, टूलकिट ओळी आणि कॉलम शून्यापासून मोजतं. पहिला सेल म्हणजे (०, ०). सगळं एक घर सरकलेलं दिसलं तर दुसरं कारण शोधत बसू नका.

रात्री दोन वाजता टास्क शेड्युलरने रिपोर्ट काढायचाय. हाताने चालतं, शेड्युलरने अडकतं.

‘युजर लॉग-ऑन असो वा नसो, चालवा’ असा पर्याय निवडलाय ना? त्यात एक्सेल अशा सेशनमध्ये सुरू होतं जिथे डेस्कटॉप नाही. एक्सेल माणसाने समोर बसून वापरायचं सॉफ्टवेअर आहे. माणूस नसताना सर्व्हिससारखं ते चालवू नका, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं. सिस्टिम प्रोफाइलमध्ये रिकामं डेस्कटॉप फोल्डर बनवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. कधी चालते, पण पुढच्या अपडेटनंतरची जबाबदारी कुणाची?

मी काम दोन भागांत तोडतो. रात्रभर डेटा टीडीएमएस फाईलमध्ये (मोजमापासाठीचा लॅबव्ह्यूचा स्वतःचा फाईल प्रकार) साठतो, तिथे एक्सेलचा संबंधच नाही. सकाळी कुणी लॉग-इन केलं की रिपोर्टचा प्रोग्राम ती फाईल वाचून शीट बनवतो. वीज गेली, एक्सेल रुसलं, काहीही झालं तरी मोजमाप शाबूत राहतं. खरं तर दिवसाच्या कामालाही हीच रचना बरी.

फाईल सेव्ह होत नाही, पण एररही दिसत नाही.

एरर आलेली असते, तुम्ही वायर जोडलेली नसते. ‘सेव्ह रिपोर्ट टू फाईल’च्या एरर-आउटला इंडिकेटर लावून बघा. तीच फाईल कुणीतरी उघडून बसलेलं असतं, किंवा फोल्डर अस्तित्वात नसतं, कारण सेव्ह करणारी व्हीआय फोल्डर बनवून देत नाही. आणि नावात वेळ घालताना अपूर्णविराम टाकू नका, विंडोज तो घेत नाही.

ग्राफ चित्र म्हणून टाकू की खरा चार्ट?

रिपोर्ट फक्त प्रिंट होऊन फाईलला लागणार असेल तर चित्र पुरे. पण टेम्प्लेटमध्ये चार्ट आधीच बनवून ठेवला आणि लॅबव्ह्यूतून फक्त त्याच्या मागचा डेटा भरला, तर लेजंड, अक्ष, रंग यांचे तीस इनपुट वायर करत बसावं लागत नाही.

एक्सेलशिवाय भागणार नाही का?

बऱ्याचदा भागतं. ‘राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट’ने सीएसव्ही लिहा, कुठलंही ऑफिस लागत नाही, क्षणात फाईल तयार. फॉरमॅटिंग मिळत नाही एवढंच. टीडीएमएस फाईल एक्सेलमध्ये उघडणारं अॅड-इनही फुकट मिळतं. ग्राहकाला खरोखर सजवलेला रिपोर्ट हवाय का, की कधीतरी कुणीतरी एक नमुना पाठवला म्हणून तो चालत आलाय, हे आधी विचारा. मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, ‘आम्ही ते आकडे कॉपी करून आमच्या शीटमध्ये टाकतो.’

मदत मागताना काय पाठवू?

एरर कोड आणि सोर्स हा पूर्ण मजकूर, टाइप करून. लॅबव्ह्यूची आणि ऑफिसची आवृत्ती, आणि दोन्ही ३२ बिट की ६४. डेव्हलपमेंटमध्ये येतं की फक्त ईएक्सईमध्ये. टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी किती एक्सेल होती. आणि व्हीआयचं स्निपेट (ज्यात कोडही असतो असं चित्र), म्हणजे मला ते सरळ माझ्या ब्लॉक डायग्रामवर ओढून टाकता येतं. मॉनिटरचा मोबाईलने तिरका काढलेला फोटो, ज्यात एररपेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंबच जास्त दिसतं, तो नको.